पाळी जाण्याच्या वयात वजने उचलण्याचा व्यायाम सुरू करावा का?

प्रश्न : गोदाकाठ

नमस्कार. माझे वय ४९ असून मी नाशिकला एका बँकेत नोकरी करते. गेल्या दीड वर्षापासून माझी पाळी अनियमित झाली आहे. कधी ती तीन-तीन महिने येत नाही, तर कधी आली की आठ दिवस थांबत नाही. रात्री एकाएकी अंगातून वाफा निघाल्यासारखे होऊन झोप मोडते आणि सकाळी बोटांचे सांधे आखडलेले असतात. या वयात असे होतेच, असे समजून मी ते फारसे मनावर घेतले नव्हते. मात्र दोन महिन्यांपूर्वी डावा गुडघा दाखवायला अस्थिरोगतज्ज्ञांकडे गेले असता, माझ्या आईचे खुब्याचे हाड ६८व्या वर्षी न्हाणीघरात पडून मोडले होते हे कळल्यावर त्यांनी मला हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी करून घ्यायला सांगितली. मणक्याचा टी-स्कोअर (तरुण निरोगी हाडांच्या तुलनेत घनता किती, हे सांगणारा आकडा) उणे १.८ आणि खुब्याचा उणे १.४ आला. सध्या औषधाची गरज नाही, पण वजने उचलण्याचा व्यायाम सुरू करा, एवढेच त्यांनी सांगितले.

मी गेली नऊ वर्षे रोज सकाळी पाऊण तास चालते. घरी धुणेभांडी सोडली तर बाकीची सगळी कामे मीच करते. एवढे करूनही हाडे विरळ कशी झाली, हे मला समजत नाही. सासूबाईंचे म्हणणे असे की बाईने या वयात जड उचलले की अंग बाहेर येते. घराजवळच्या जिममध्ये चौकशी केली, तेव्हा तिथल्या प्रशिक्षकाने माझ्या हातात एक-एक किलोची डंबेल दिली आणि तुमच्या वयाला एवढे पुरे, असे सांगितले. एक किलो तर माझ्या पर्सचेही वजन असते. मला खरोखर किती वजन उचलायला हवे, त्याने गर्भाशयाला अपाय होतो का, आणि बसता-उठता कटकट वाजणाऱ्या गुडघ्याने बैठका माराव्यात का, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.


उत्तर : ठाण्याची भौतिकोपचारतज्ज्ञ

मी सोळा वर्षे ठाण्यात भौतिकोपचार (फिजिओथेरपी) करते. तुम्ही विचारलेल्या शंका माझ्याकडे येणाऱ्या निम्म्याअधिक स्त्रियांच्या मनात असतात, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

हाड हे भिंतीतल्या विटेसारखे निर्जीव नसते. जुने हाड कुरतडून काढणाऱ्या पेशी आणि त्या जागी नवे हाड रचणाऱ्या पेशी त्यात जन्मभर काम करत असतात. कुरतडणाऱ्या पेशींना इस्ट्रोजेन हे संप्रेरक आवर घालते. पाळी जाण्याच्या काळात ते घटू लागले की हा आवर सुटतो आणि रचण्यापेक्षा कुरतडणे अधिक होते. अमेरिकेत १९९६ पासून चाललेल्या ‘स्वान’ नावाच्या दीर्घ अभ्यासात असे दिसले की शेवटच्या पाळीच्या आधीचे एक वर्ष आणि नंतरची दोन वर्षे ही सर्वांत वेगाने झीज होण्याची असतात, आणि त्या काळात मणक्याची घनता वर्षाला साधारण अडीच टक्क्यांनी घटते. तुम्ही नेमक्या या उंबरठ्यावर आहात. त्यामुळे तुमच्या डॉक्टरांनी व्यायाम सुचवला तो अगदी योग्य वेळी सुचवला, असे मी म्हणेन.

आता चालण्याविषयी. चालल्याने हृदय, रक्तातली साखर आणि मन यांचे भले होते, त्यामुळे ते अजिबात सोडू नका. पण ज्या ताणाची हाडाला सवय झाली आहे, त्या ताणाने हाड नव्याने भक्कम होत नाही. नऊ वर्षे तुम्ही आपलेच वजन घेऊन त्याच रस्त्याने चालत आहात. घरकामाचेही तसेच आहे, कारण पाण्याने भरलेली बादली वीस वर्षांपूर्वी जेवढी जड होती तेवढीच आजही आहे. कामाने माणूस दमतो हे खरे, पण दमणे वेगळे आणि हाडामांसाला वाढण्याचे कारण मिळणे वेगळे. ते कारण मिळण्यासाठी भार पुरेसा जड असावा लागतो आणि ताकद वाढेल तसा तोही टप्प्याटप्प्याने वाढवावा लागतो. एक किलोच्या डंबेलमध्ये यांतले काहीच नाही. त्या प्रशिक्षकाचा हेतू वाईट नसेल, पण अशा सल्ल्यापायी स्त्रिया वर्षभर घाम गाळतात आणि हाती काही लागत नाही, याचे मला फार वाईट वाटते.

किती जड, याचे सर्वांत ठळक उत्तर ऑस्ट्रेलियातल्या ग्रिफिथ विद्यापीठाच्या ‘लिफ्टमोर’ या चाचणीतून मिळते. तिचे निष्कर्ष २०१८ साली छापून आले. तिच्यात पाळी गेलेल्या आणि हाडे विरळ झालेल्या १०१ स्त्रिया होत्या आणि त्यांचे सरासरी वय ६५ होते. अर्ध्या जणींनी आठवड्यातून दोनदा, प्रत्येकी अर्धा तास, प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली डेडलिफ्ट (खुब्यातून वाकून जमिनीवरचे वजन उचलत उभे राहणे), स्क्वॉट (वजन घेऊन बैठका) आणि डोक्यावर वजन ढकलणे हे व्यायाम पाच-पाच वेळांच्या पाच संचांत केले. जोडीला उंचावर धरलेल्या दांड्याला लटकून खाली पायांवर धप्पकन उतरण्याचाही व्यायाम होता. एकदाच जेमतेम उचलता येईल अशा वजनाच्या ८० ते ८५ टक्के, म्हणजे चांगलेच जड वजन त्या उचलत होत्या. आठ महिन्यांनी त्यांच्या मणक्याची घनता २.९ टक्के वाढली होती, तर घरी हलका व्यायाम करणाऱ्या दुसऱ्या गटाची १.२ टक्के घटली होती. एवढ्या जड व्यायामात इजा म्हणावी अशी एकच घटना घडली आणि तीही कंबरेत थोडा पेटका येण्याची. मात्र पहिला महिना त्यांनी फक्त हालचाल बिनचूक शिकण्यात आणि हलक्या भारात घालवला होता, हे विसरू नका. आकडे वाचून उद्याच बार उचलायला जाऊ नये.

अंग बाहेर येण्याच्या भीतीविषयी बोलायचे तर सासूबाईंच्या सांगण्याला त्यांच्या पिढीच्या अनुभवाचा आधार आहे. अनेक बाळंतपणे, पुरेसा आराम न मिळता लगेच उचललेले हंडे-घागरी आणि वर्षानुवर्षांचा बद्धकोष्ठ व खोकला यांनी ओटीपोटाच्या तळाचे स्नायू सैल पडत. त्या स्नायूंना सोबत घेऊन हळूहळू वाढवलेला भार ही निराळी गोष्ट आहे. उचलण्याच्या क्षणी लघवी रोखल्यासारखे ते स्नायू आत वर ओढून घ्यावेत आणि जोर लावताना श्वास सोडावा. श्वास कोंडून पोटाने खाली ढकलू नये. मात्र खोकताना-शिंकताना लघवी गळत असेल, किंवा खाली काही उतरल्यासारखे जड वाटत असेल, तर आधी स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा आणि या स्नायूंचे काम जाणणाऱ्या भौतिकोपचारतज्ज्ञाकडून व्यायाम बांधून घ्या. तेवढ्यासाठी कायमचे बसून राहण्याची गरज नसते.

गुडघा नुसता वाजत असेल आणि दुखत किंवा सुजत नसेल, तर त्या आवाजाची धास्ती घेऊ नका. तुम्ही गुडघा दाखवायला गेला होता, याचा अर्थ तो दुखत असावा. तेव्हा खोल बैठकांऐवजी खुर्चीवर बसून उठण्यापासून सुरुवात करा. मांडीचे स्नायू बळकट झाले की गुडघ्यावरचा बोजा बहुधा हलका होतो.

रात्रीच्या वाफांविषयी एक छोटी पण आशादायक गोष्ट सांगते. स्वीडनमध्ये २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, दिवसातून किमान चार वेळा असा त्रास होणाऱ्या स्त्रियांनी पंधरा आठवडे, आठवड्यातून तीनदा, वजनांचा व्यायाम केल्यावर त्यांचा त्रास चाळीस टक्क्यांहून अधिक कमी झाला. चाचणी लहान होती, त्यामुळे मी कोणाला खात्री देत नाही, पण माझ्याकडच्या काही जणींनाही झोप सुधारल्याचे जाणवले आहे.


उत्तर : सांगलीची निवृत्त शिक्षिका

ठाण्याच्या ताईंनी शास्त्र सांगितलेच आहे, मी फक्त स्वतःचे सांगते. माझे वय ५८. पाळी ५१व्या वर्षी गेली आणि ५२व्या वर्षी मी हा व्यायाम सुरू केला. त्याआधी आयुष्यात कधी जिमची पायरी चढले नव्हते. पहिले दोन महिने मी घरीच जेवणाच्या टेबलाच्या खुर्चीवर हातांचा आधार न घेता बसून उठत असे, आणि भिंतीवर हात टेकून जोर काढत असे. भिंतीवरचे पंधरा जोर सहज जमू लागले तेव्हा मी स्वयंपाकघराच्या ओट्यावर आले, तिथून पलंगाच्या काठावर, आणि जमिनीवर गुडघे टेकून जोर काढायला मला दीड वर्ष लागले. तेलाच्या पाच लिटरच्या कॅनमध्ये पाणी भरले की पाच किलो होतात. तसे दोन कॅन दोन्ही हातांत घेऊन मी गच्चीवर फेऱ्या मारत असे. शेजारच्या जाऊबाई विचारायच्या, की अहो, नळाला पाणी नाही का.

सर्वांत अवघड गेले ते वाकायला शिकणे. आपण सगळ्या जणी केर काढताना, बादली उचलताना पाठीची कमान करून वाकतो. माझ्या प्रशिक्षिकेने पाठीवर उभी काठी धरायला लावली आणि डोक्याची मागची बाजू, पाठीचा मध्य व माकडहाड या तिन्ही ठिकाणी ती टेकलेली ठेवून, पार्श्वभाग मागे नेत खुब्यातून वाकायला सांगितले. तीन आठवडे मी फक्त तेवढेच करत होते. त्या तीन आठवड्यांचा मला पुढची सहा वर्षे उपयोग झाला.

वजन कधी वाढवायचे, यासाठी तिने एक नियम घालून दिला होता. दहा वेळा उचलून झाल्यावर आणखी दोन-तीन वेळाच जमले असते, असे वाटले तर वजन बरोबर आहे. आणखी सात-आठ वेळा जमले असते, असे वाटले तर ते हलके आहे. बारा वेळा उचलणे लागोपाठ दोन दिवस सोपे गेले की थोडे वाढवायचे. मी शाळेच्या सवयीने वही घातली आणि प्रत्येक दिवसाची तारीख, वजन आणि वेळा लिहीत गेले. सोमवार आणि गुरुवार हे दोन दिवस मी जिमसाठी राखून ठेवलेले आहेत. आज माझे स्वतःचे वजन ५९ किलो आहे आणि मी ४५ किलोची डेडलिफ्ट पाच वेळा करते. घरगुती गॅसच्या भरलेल्या सिलिंडरचे वजन साधारण ३० किलो भरते. पूर्वी तो आला की मुलाची वाट पाहावी लागे, आता मी तो स्वतः आत आणते.

सगळे सुरळीत झाले असे मात्र नाही. ५४व्या वर्षी माझा उजवा खांदा आखडला, ब्लाउजचे हूक लावता येईनात, आणि आठ महिने वरच्या अंगाचा व्यायाम जवळजवळ बंद ठेवावा लागला. त्या काळात मी फक्त पायांचे व्यायाम केले. चाळिशी-पन्नाशीच्या स्त्रियांत, विशेषतः मधुमेह असेल तर, हे दुखणे बरेच आढळते, असे मला नंतर कळले. खांद्यात कळ आली तर रेटू नका. माझ्या मणक्याचा टी-स्कोअर सुरुवातीला उणे २ होता आणि चार वर्षांनी त्याच यंत्रावर केलेल्या तपासणीतही तो तेवढाच आला. आकडा वाढला नाही म्हणून मी थोडी हिरमुसले होते, पण डॉक्टर म्हणाले की ज्या वर्षांत तो घसरायचा त्या वर्षांत तो टिकला आहे, याची किंमत ओळखा.


उत्तर : आईची लेक, पुणे

माझा मुद्दा एकच आहे, पण तो कोणीतरी सांगायलाच हवा. माझ्या आईचा टी-स्कोअर उणे ३.१ होता आणि ते आम्हाला फार उशिरा कळले. ती रोज श्रद्धेने पश्चिमोत्तानासन, म्हणजे पाय पसरून पुढे वाकण्याचे आसन, करत असे. एका सकाळी घडी केलेली गादी वाकून उचलताना तिच्या पाठीत कळ आली आणि क्ष-किरण तपासणीत मणका दबल्याचे दिसले. त्याआधीच्या काही वर्षांत तिची उंची कमी झाली होती, साडी नेसताना निऱ्या लांब पडू लागल्या होत्या, आणि आम्ही ते वयावर ढकलले. तरुणपणापेक्षा उंची चार सेंटिमीटरने घटली असेल तर मणक्यांची तपासणी करून घ्यावी.

अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये १९८४ साली हाडे ठिसूळ झालेल्या ५९ स्त्रियांचा एक अभ्यास झाला होता. पाठ मागे ताणण्याचे व्यायाम करणाऱ्यांपैकी १६ टक्के स्त्रियांत मणक्यांना नवे दबाव-भंग दिसले, तर पुढे वाकण्याचे व्यायाम करणाऱ्यांपैकी ८९ टक्के स्त्रियांत ते दिसले. अभ्यास जुना आणि लहान आहे, तरी तो वाचल्यापासून मी ओळखीच्या प्रत्येकीला सांगते, की योगवर्गात आपला डेक्सा अहवाल आधी दाखवा आणि पाठ गोल करून पुढे वाकण्याची आसने विचारून मगच करा.


उत्तर : ठाण्याची भौतिकोपचारतज्ज्ञ

पुण्याच्या ताईंचे म्हणणे महत्त्वाचे आहे. त्यात एवढीच भर घालते, की त्या अभ्यासातल्या स्त्रियांना ऑस्टिओपोरोसिस आधीच झालेला होता, म्हणजे टी-स्कोअर उणे २.५ किंवा त्याहून खाली असतो ती अवस्था. गोदाकाठ यांची हाडे त्याच्या अलीकडच्या टप्प्यावर आहेत, त्यामुळे त्यांनी सूर्यनमस्कारांना घाबरू नये. गुडघे किंचित वाकवून, पाठ सरळ ठेवून ते करता येतात. मात्र सिट-अप्स (उताणे पडून पोटाच्या जोरावर उठणे) आणि वजन हातात घेऊन कमरेतून पीळ देणे मी त्यांना आजही करू देणार नाही.


उत्तर : स्वयंपाकघरातून

मी आहारसल्लागार आहे. व्यायामावर इतके लिहिले गेले आहे, म्हणून फक्त ताटाविषयी लिहिते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२०च्या शिफारशींनुसार प्रौढ व्यक्तीला दर किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात. पन्नाशीत वजनांचा व्यायाम करणाऱ्या स्त्रीने एक ते १.२ ग्रॅमपर्यंत जावे, असे मी सुचवते. म्हणजे साठ किलोच्या स्त्रीला साठ ते बहात्तर ग्रॅम. मूत्रपिंडाचा विकार असेल तर मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय प्रथिने वाढवू नयेत. आपल्याकडे सकाळी पोहे किंवा उपमा आणि रात्री वरणाच्या पाण्यासारख्या आमटीबरोबर भात, यांत ही बेरीज निम्म्यावरही जात नाही. सकाळी मुगाचे धिरडे आणि वाटीभर घट्ट दही, दुपारी मटकीची किंवा हरभऱ्याची दाट उसळ, संध्याकाळी मूठभर शेंगदाणे किंवा फुटाणे, रात्री पिठले किंवा शंभर ग्रॅम पनीर, असे केले तर प्रथिनांची पूड विकत न घेताही भागते. अंडे चालत असेल तर एका अंड्यातून सहा ग्रॅम मिळतात.

पाळी गेलेल्या स्त्रीला रोज १,२०० मिलिग्रॅम कॅल्शियम लागते. शंभर ग्रॅम नाचणीत साधारण साडेतीनशे आणि मोठ्या पेलाभर दुधात तीनशे मिलिग्रॅम असते. डॉक्टरांनी कॅल्शियम आणि लोह या दोन्हींच्या गोळ्या दिल्या असतील तर त्या एका वेळी घेऊ नका, कारण कॅल्शियममुळे लोह कमी शोषले जाते. लोहाच्या गोळीवर चहाही नको. थायरॉइडची गोळी आणि कॅल्शियम यांत चार तासांचे अंतर ठेवा.


प्रश्नकर्ती : गोदाकाठ

आपण सर्वांनी इतके मनापासून लिहिले, याबद्दल मी ऋणी आहे. सांगलीच्या बाईंची काठीची युक्ती मी काल रात्रीच करून पाहिली आणि काठी माकडहाडावरून लगेच सुटते, हे ध्यानात आले. लोहाचा उल्लेख वाचून आज हिमोग्लोबिन तपासले, ते ९.८ आले. अशा स्थितीत व्यायाम सुरू करावा की थांबावे? आणखी एक विचारते. माझ्या सासूबाई ७३ वर्षांच्या आहेत. मी खुर्चीवरून उठबस करत असताना त्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या आणि हे तर मलाही जमेल, असे म्हणाल्या. त्यांनी करावे का?


उत्तर : ठाण्याची भौतिकोपचारतज्ज्ञ

स्त्रियांत बाराच्या खाली हिमोग्लोबिन असेल तर तो रक्तक्षय समजतात. आठ-आठ दिवस पाळी चालते, असे तुम्ही लिहिले होते, त्यामुळे या आठवड्यातच स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा आणि एवढ्या रक्तस्रावाचे कारण शोधून घ्या. नुसती लोहाची गोळी सुरू करून थांबू नका. धाप किंवा छातीत धडधड नसेल तर तोवर काठी धरून वाकणे, खुर्चीवरची उठबस आणि ओट्यावरचे जोर एवढेच, प्रत्येकी आठ-दहा वेळा, आठवड्यातून दोन दिवस करा. चक्कर आली तर तिथेच थांबा. हिमोग्लोबिन वर येईपर्यंत जड वजनाला हात लावू नका. रक्तदाब तपासला नसेल तर तोही त्याच भेटीत पाहून घ्या.

सासूबाईंना जरूर करू द्या. पासष्टीच्या पुढच्या लोकांनी ताकदीच्या व्यायामाखेरीज आठवड्यातून तीन दिवस तोल सांभाळण्याचाही सराव करावा, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२०च्या मार्गदर्शनात सांगितले आहे. त्यांनाही एकदा डॉक्टरांना दाखवून घ्या. खुर्ची हातांची आणि जड निवडा, ती भिंतीला टेकवून ठेवा, त्यांच्या पायांत मोजे नकोत, आणि पहिले काही दिवस तुम्ही समोर उभ्या राहा. सुरुवातीला त्यांनी खुर्चीच्या हातांवर भार देऊन पाच वेळा उठावे. ते सोपे वाटू लागले की एकाच हाताचा आधार घ्यावा.